आधी सही, मग सॅम्पल

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी मिळून एक छोटा उद्योग चालवतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांना आतून द्यायचा एक लेप आम्ही ३ वर्षं खपून तयार केला आहे. हा लेप दिलेलं खोकं ओलसर मालानेही ढासळत नाही, आणि वापरून झाल्यावर रद्दीत गेलं तरी त्याचा पुन्हा लगदा होतो. कोरुगेटेड बॉक्स बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आमचं काम आवडलं आहे. तिथल्या खरेदी विभागाच्या साहेबांनी सॅम्पल मागवलं आहे आणि ‘एकदा येऊन प्रोसेस समजावून सांगा’ असंही म्हटलं आहे. फोनवर थोडं बोलणं झालंसुद्धा. मी गोपनीयता कराराचा विषय काढला, तर म्हणाले, ‘अहो, एवढं कशाला? विश्वास नाही का आमच्यावर?’ मला फार अवघडल्यासारखं झालं. इंटरनेटवरून एक ११ पानी इंग्रजी नमुना उतरवून घेतला आहे, पण त्यातलं निम्मं कळत नाही. एक-दोन पानांचा साधा करार मराठीत केला तर चालेल का? त्यात काय लिहायचं? किती वर्षांचा करायचा? आणि मोडला तर दंड किती ठेवायचा?
– एक उद्योजिका

नमस्कार ताई,

दोन पानांचा करार चालेल. मराठीतही चालेल. करार टिकण्यासाठी त्याची भाषा जड असावी लागत नाही. दोन्ही बाजूंना तो समजलेला असावा लागतो. समोरच्या कंपनीला इंग्रजी प्रतही हवी असेल तर दोन्ही करा, मात्र शेवटी एक ओळ घाला : अर्थाबद्दल मतभेद झाल्यास अमुक भाषेतली प्रत अंतिम मानली जाईल. ही ओळ राहिली, तर एकाच कागदाचे दोन अर्थ घेऊन दोघे भांडत बसतात.

आता त्या अवघडलेपणाबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. विश्वासाचा प्रश्न आला की आपण गप्प होतो, आणि स्त्रिया तर जरा जास्तच लवकर गप्प होतात. पुढच्या वेळी त्यांनी तसं म्हटलं तर शांतपणे सांगा : ‘साहेब, विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडे आले. पण उद्या तुमची बदली झाली, तर तुमच्या जागी येणाऱ्याला आपलं काय ठरलं होतं ते कुठून कळणार?’ हे निव्वळ बोलायचं वाक्य नाही, असं खरोखर घडतं. कामाला लागून मला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा एका कारागिराचा असाच करार मी लिहून दिला होता. समोरच्या कंपनीतर्फे जे गृहस्थ बोलणी करत होते, त्यांचंच नाव मी करारात दुसरा पक्ष म्हणून घातलं, सही त्यांचीच घेतली. काही महिन्यांत ते नोकरी सोडून गेले. कंपनीने त्या कारागिराचं साधन स्वतः बनवायला घेतलं, आणि आम्ही करार दाखवला तेव्हा म्हणाली, ‘आमची सही कुठे आहे?’ त्यांचं म्हणणं खरं होतं. चूक माझी होती, आणि किंमत त्या माणसाने मोजली. तेव्हापासून मी करार हातात घेतला की आधी पहिला परिच्छेद वाचते : कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे का, पत्ता आहे का, सही करणाऱ्याचा हुद्दा आहे का, आणि कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार त्याला आहे का. खरेदी विभागाच्या साहेबांना तो असेलच असं नाही. विचारून घ्या. त्यात अपमानास्पद काही नाही.

तुमच्याशी मिळताजुळता एक खटला १९६८ साली इंग्लंडच्या न्यायालयात चालला. मार्को कोको या गृहस्थांनी मोपेडसाठी एक इंजिन तयार केलं होतं. ए. एन. क्लार्क ही कंपनी ते बनवेल म्हणून बोलणी सुरू झाली, माहितीची देवाणघेवाण झाली. पुढे बोलणी फिसकटली आणि कंपनीने आपलं वेगळं इंजिन बाजारात आणायची तयारी केली. कोको न्यायालयात गेले. न्यायमूर्ती मेगॅरी यांनी त्या निकालात तीन प्रश्न मांडले. माहिती मुळात गोपनीय म्हणावी अशी होती का? ती गोपनीय ठेवायची आहे हे समजेल अशा परिस्थितीत दिली गेली का? आणि तिचा परवानगीशिवाय वापर झाला का? गोपनीयतेच्या भांडणांत अनेक देशांतली न्यायालयं आजही हेच तीन प्रश्न विचारतात. कोकोंना तातडीचा मनाई हुकूम मिळाला नाही. बोलणी विश्वासाने झाली होती हे न्यायमूर्तींना पटण्यासारखं होतं. पण त्यात नेमकं गोपनीय काय होतं आणि त्यातलं नेमकं काय कंपनीने वापरलं, हे कोकोंना पुरेसं दाखवता आलं नाही.

म्हणून तुमच्या दोन पानांतली निम्मी जागा मी एकाच गोष्टीला देईन : गोपनीय काय आहे. उतरवून घेतलेल्या नमुन्यांत नेमकी हीच जागा पोकळ असते. ‘तांत्रिक, व्यापारी, आर्थिक व इतर सर्व माहिती’ असं लिहिलेलं असतं. वाचायला भरभक्कम वाटतं, पण तुमचा लेप त्यात कुठेच नसतो. उद्या वाद झाला तर ‘इतर सर्व’ या दोन शब्दांत तुमची ३ वर्षं आहेत हे कोण कुणाला पटवून देणार?

तुम्ही विचाराल, सगळं करारातच लिहिलं तर गुपित राहिलं कुठे? लिहायचा तो माहितीचा प्रकार. माहिती स्वतः लिहायची नाही. साधारण असं :

‘गोपनीय माहिती म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांना आतून देण्याच्या ओलरोधक लेपाविषयी पहिल्या पक्षाने दुसऱ्या पक्षाला दिलेली पुढील माहिती : लेपातले घटक व त्यांचं प्रमाण, घटक मिसळण्याचा क्रम, तापमान व वेळ, लेप देण्याची आणि वाळवण्याची पद्धत, यशस्वी व अयशस्वी अशा सर्व चाचण्यांच्या नोंदी, कच्च्या मालाचे पुरवठादार व त्यांचे दर, आणि लेपाचे व लेप दिलेल्या खोक्यांचे नमुने. ही माहिती तोंडी, लेखी, फोटो, फाइल, प्रात्यक्षिक किंवा कामाच्या जागेची पाहणी अशा कुठल्याही रूपात मिळाली तरी गोपनीय राहील.’

यातल्या ‘अयशस्वी’ या शब्दावर बोट ठेवते. चहाच्या वेळी समोरचा सहज विचारतो, ‘तुम्ही अमुक घटक वापरून पाहिलात का?’ आपण मोकळेपणाने सांगतो, ‘पाहिला, पण वाळल्यावर तडे जातात.’ आपल्याला वाटतं, फसलेल्या प्रयोगाचं काय एवढं! पण त्या एका उत्तराने समोरच्याचे कित्येक महिने वाचलेले असतात. काय जमत नाही हे ठाऊक असणं ही तुमच्या ३ वर्षांची मोठी कमाई आहे. ती करारात नावानिशी यायला हवी.

कंपनी कदाचित सुचवेल की ज्या कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का असेल तेवढीच माहिती गोपनीय धरू, आणि तोंडी सांगितलेलं ३० दिवसांत लेखी कळवलं तरच धरू. देणाऱ्या पक्षाला ही अट महागात पडते. तुम्ही दोघीच आहात. उत्पादन, हिशेब, पाठवणी सगळं तुमच्याच डोक्यावर. एखाद्या बैठकीनंतरचं पत्र पाठवायचं राहून गेलं, की त्या दिवशी बोललेलं सगळं करारानेच उघड्यावर पडेल. त्यापेक्षा ‘शिक्का असो वा नसो, माहितीच्या स्वरूपावरून समंजस व्यक्तीला ती गोपनीय वाटेल अशी माहिती’ असे शब्द मागा. आणि तरीही शिक्का मारत जा, बैठकीनंतर दोन ओळींचा ईमेल करत जा. सवय म्हणून, अट म्हणून नव्हे.

आता हेतू. कराराच्या नावातच ‘गोपनीयता’ असल्यामुळे लोक ‘ही माहिती कुणालाही सांगणार नाही’ एवढं लिहून थांबतात. पण समजा त्या कंपनीने कुणालाही काही सांगितलं नाही आणि आपल्याच कारखान्यात तुमचा लेप बनवायला सुरुवात केली तर? गोपनीयता तर पाळलीच! माझ्या पाहण्यात बरंचसं नुकसान असंच झालेलं आहे : माहिती फुटत नाही, ती वापरली जाते. म्हणून दोन क्रियापदं हवीत, ‘सांगणार नाही’ आणि ‘वापरणार नाही’. आणि कशासाठी वापरायला मुभा आहे ते एका वाक्यात, अगदी अरुंद लिहायचं : ‘दुसरा पक्ष ही माहिती फक्त पहिल्या पक्षाकडून लेप खरेदी करावा की नाही हे ठरवण्यासाठी वापरेल, अन्य कुठल्याही कारणासाठी नाही.’ यात ‘व्यावसायिक संधी तपासण्यासाठी’ असे ऐसपैस शब्द शिरू देऊ नका. स्वतः लेप बनवून पाहणं हीसुद्धा एक व्यावसायिक संधीच आहे.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती सॅम्पलची. कागदावरचं प्रमाण तुम्ही झाकून ठेवाल, पण लेपाची बाटली दिलीत की ते प्रमाण त्या बाटलीतच आहे. आणि इथे कायदा आपोआप तुमच्या मदतीला येईल असं समजू नका. युरोपीय संघाच्या २०१६च्या व्यापारी गुपितांविषयीच्या निर्देशात स्पष्टच म्हटलं आहे की कायदेशीरपणे हातात आलेल्या वस्तूचं निरीक्षण, सुटे भाग करणं, चाचणी करणं हा माहिती मिळवण्याचा वैध मार्ग आहे; अपवाद एकच, त्या माणसावर तसं न करण्याचं वैध बंधन असेल तर. अमेरिकेतही वस्तू उलगडून शिकणं गैर मानत नाहीत. म्हणजे बाटली पाठवली आणि त्यांनी ती प्रयोगशाळेत दिली, तर कराराशिवाय तुम्हाला बोलायला फारशी जागा उरत नाही. ते बंधन तुम्हीच लिहून घ्यायचं आहे : ‘दुसरा पक्ष नमुन्याचं रासायनिक किंवा अन्य पृथक्करण करणार नाही, करवून घेणार नाही, तो तिसऱ्या कुणाला देणार नाही, फक्त ओल, वजन आणि दाब सहन करण्याच्या चाचण्या करेल आणि त्यांचे निकाल पहिल्या पक्षाला देईल. चाचणीनंतर उरलेला नमुना ७ दिवसांत परत करेल.’ प्रत्येक बाटलीला क्रमांक द्या, किती ग्रॅम दिलं ते लिहा, पोच घ्या. चाचणीला पुरेल एवढंच द्या. जमलं तर बाटली देऊच नका. लेप देऊन वाळवलेली खोकी द्या. वाळलेल्या थरातूनही काही कळू शकतं, पण मिसळण्याचा क्रम आणि तापमान त्यातून काढणं कितीतरी कठीण.

पेटंटचा विचार मनात असेल, निदान नाही असं नक्की ठरलेलं नसेल, तर करार आणखी एका कारणाने महत्त्वाचा. अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर झाला, तर अनेक देशांत त्याचं नावीन्यच संपलं असं मानतात. युरोपात हा नियम फार कडक आहे. अमेरिकेत संशोधकाने स्वतः शोध जाहीर केला, तर त्यानंतर अर्ज करायला त्याला एक वर्षाची सवलत मिळते. गोपनीयतेच्या बंधनाखाली दाखवलेला शोध जगजाहीर धरला जात नाही. तेव्हा पेटंटच्या जाणकाराशी आधी बोला, प्रोसेस समजावून सांगायला नंतर जा.

आणि मुळात, प्रोसेस त्यांना आत्ता कशाला हवी आहे? हा प्रश्न मी तुम्हाला विचारते आहे, कारण तुम्ही तो त्यांना विचारलेला दिसत नाही. खरेदी करणाऱ्याला काय कळायला हवं? खोकं किती तास ओलीत टिकतं, किती वजन पेलतं, लेपाचा खर्च एका खोक्यामागे किती, महिन्याला किती माल पुरवाल, खोक्यातल्या मालाला तो लेप सुरक्षित आहे का. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मिसळण्याचं तापमान सांगावं लागत नाही. करार झाला म्हणून सगळं सांगून मोकळं व्हायचं नसतं. पहिल्या भेटीत निकाल दाखवा. करारावर सही झाली की नमुने. भाव, प्रमाण, मुदत हे सगळं ठरून खरेदीचा किंवा परवान्याचा करार हातात आला, आणि त्यांच्याच यंत्रावर लेप द्यायचा ठरलं, तरच प्रोसेस. तीसुद्धा त्या यंत्रावर काम करणाऱ्यांना लागेल तेवढीच. जे सांगितलंच नाही त्याच्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही.

बाकीची कलमं छोटी आहेत.

माहिती कोणाकोणाला कळेल ते बांधा : ज्यांना या कामासाठी ती कळणं आवश्यक आहे असेच कर्मचारी, आणि त्यांच्यावरही लेखी बंधन असेल, बाहेरची प्रयोगशाळा किंवा सल्लागार असेल तर तुमची लेखी परवानगी आधी, आणि यातल्या कुणी चूक केली तरी जबाबदार कंपनीच. हल्ली मी एक ओळ आवर्जून घालते : गोपनीय माहिती कुठल्याही सार्वजनिक एआय साधनात टाकली जाणार नाही. तुमचा चाचणी अहवाल कुणीतरी सहज ‘याचा सारांश दे’ म्हणून अशा साधनात चिकटवतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण माहिती तुमच्या आणि त्याच्या दोघांच्याही हाताबाहेर गेलेली असते.

अपवाद मान्य करा, त्यावर हुज्जत घालू नका. जी माहिती आधीच सर्वांना खुली आहे किंवा त्यांची चूक नसताना पुढे खुली झाली, जी त्यांच्याकडे आधीपासून होती, जी त्यांना दुसऱ्या कुणाकडून रीतसर मिळाली, जी त्यांनी तुमच्या माहितीचा आधार न घेता स्वतः शोधली, ती करारात येत नाही. हे न्याय्यच आहे. फक्त ‘आधीपासून होती’ आणि ‘स्वतः शोधली’ या दोन्हींना ‘तारखेनिशी लेखी नोंदींवरून सिद्ध करता येईल अशी’ हे शब्द जोडा. न्यायालयाने किंवा सरकारी यंत्रणेने मागितल्यास माहिती द्यावी लागते, तोही अपवाद. तेव्हा शक्य असेल तर तुम्हाला आधी कळवावं एवढं मागा. बेकायदेशीर गोष्टीची तक्रार करायला कुणालाही मज्जाव करणारं काही लिहू नका. अमेरिकेच्या २०१६च्या व्यापारी गुपितांच्या कायद्यात अशी तक्रार करणाऱ्याला खास संरक्षण आहे, आणि कायद्याचं सोडा, तसा करार करणं मला स्वतःलाच मान्य नाही.

करार संपला किंवा तुम्ही मागणी केली, की कागद, फाइल, नमुने परत किंवा नष्ट, आणि तसं केल्याचं लेखी पत्र. माहिती दिली म्हणजे तिच्यावर कुठलाही हक्क दिला असं होत नाही, ही एक ओळ. कुठल्या देशाचा कायदा आणि कुठलं न्यायालय, ही एक ओळ. हे न्यायालय तुम्हाला जाता येईल असं असावं. हक्क असून तिथवर पोचणंच परवडत नसेल, तर समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

मुदतीबद्दल तुम्ही विचारलंत. इथे दोन वेगळे काळ एकत्र कालवले जातात. माहिती किती काळ देणार हा एक, आणि दिलेली माहिती किती काळ जपायची हा दुसरा. पहिला १ वर्ष पुरे. दुसऱ्यासाठी २ ते ५ वर्षं लिहिण्याची पद्धत सर्रास आहे, आणि दर, पुरवठादार अशा माहितीसाठी ती ठीकच आहे, कारण ती तशीही शिळी होते. पण प्रमाण आणि कृती यांना तीच मुदत लावलीत, तर ५ वर्षांनी पहिल्याच दिवशी कंपनी तुमचा लेप बनवायला मोकळी. म्हणून दोन भाग करा : ‘इतर माहितीसाठी ५ वर्षं, घटक, प्रमाण व कृती यांसाठी ही माहिती दुसऱ्या पक्षाच्या चुकीशिवाय सर्वांना खुली होईपर्यंत.’

दंडाचा आकडा मी घालणार नाही. डोळे विस्फारतील असा आकडा लिहिला की समोरचा घाबरेल असं वाटतं. पण नुकसानीशी ताळमेळ नसलेला आकडा अनेक देशांतली न्यायालयं जसाच्या तसा मंजूर करत नाहीत. भारताच्या १८७२च्या करार कायद्यातलं ७४वं कलमच घ्या : करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई. शिवाय गुपित एकदा फुटलं की पैशाने ते परत बाटलीत भरता येत नाही. त्यामुळे तुम्हाला पैशाआधी थांबवण्याचा अधिकार हवा. लिहा : ‘या कराराचा भंग झाल्यास केवळ पैशाने भरपाई होणार नाही हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, म्हणून पहिला पक्ष नुकसानभरपाईखेरीज मनाई हुकूमही मागू शकेल.’ हुकूम द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवेल, पण मागणीचा पाया कागदावर राहील.

‘इतक्या वर्षांत असा लेप तुम्ही बनवायचाच नाही’ असं काही यात घुसवू नका. ती स्पर्धाबंदी झाली, गोपनीयता नव्हे. भारतात त्याच कायद्याचं २७वं कलम व्यवसायबंदीचे करार रद्दबातल ठरवतं, कॅलिफोर्नियातही अशा बंदीला थारा नाही. नको ते ओझं लादलं की चांगल्या करारावरही सही लांबते.

मोठी कंपनी बऱ्याचदा म्हणते, ‘करार करू, पण आमच्याच फॉर्मॅटवर.’ घ्या, हरकत नाही. त्यात कामाची कलमं कोणती याची कल्पना तुम्हाला आता आली असेल. फक्त दोन गोष्टी बारकाईने शोधा. एक, करार परस्पर आहे का, म्हणजे तुमच्यावरही तेवढीच बंधनं येतात का. येत असतील तर ती पाळणं तुम्हा दोघींना झेपेल का ते पाहा, कारण तुमचीही सही त्यावर असणार आहे. दुसरी, ‘रेसिड्युअल’ नावाचं एक कलम असतं. त्यात लिहिलेलं असतं की आमच्या माणसांच्या सहज स्मरणात राहिलेली माहिती वापरायला आम्ही मोकळे. चार घटक आणि त्यांचं प्रमाण कुणाच्या स्मरणात राहणार नाही? हे कलम खोडा. ते ऐकत नसतील तर निकाल दाखवा, नमुना देऊ नका, आणि दुसरा ग्राहक शोधा. हे लिहिताना मला कल्पना आहे की तुमच्यासाठी ही ऑर्डर किती मोठी असेल. तरीही हेच सांगते.

आता तुमच्या घरातलं. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार १९९५ साली अमलात आला. त्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे माहितीला संरक्षण हवं असेल तर ती त्या क्षेत्रात सर्रास माहीत नसावी, गुप्त असल्यामुळे तिला मोल असावं, आणि ती गुप्त राखण्यासाठी मालकाने स्वतः वाजवी काळजी घेतलेली असावी. पहिल्या दोन अटी तुमचा लेप पुऱ्या करतो असं दिसतं. तिसरीचं काय? प्रमाणाचा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे का? मदतनिसांकडून तुम्ही काही लिहून घेतलं आहे का? लेपाचे फोटो मागच्या डब्यांच्या लेबलांसकट व्हॉट्सॲपवर फिरले आहेत का? उद्या कंपनीचा वकील हेच विचारेल. प्रमाणाची वही एका कुलपात, किल्ली तुम्हा दोघींकडे, आणि मदतनिसांशी अर्ध्या पानाचा असाच करार. हे या आठवड्यात करून टाका. बहिणीशीही लेखी असावं, लेप दोघींच्या मालकीचा आहे हे. मन दुखावण्यासाठी नाही. कंपनीच्या करारात ‘पहिला पक्ष’ म्हणून तुम्ही दोघी येता की तुमची फर्म येते, हे त्याशिवाय ठरतच नाही.

फोनवर आधीच झालेल्या बोलण्याची काळजी करू नका, पण ते वाऱ्यावरही सोडू नका. करारावर मागची तारीख घालायची कल्पना कुणी सुचवेल. ती मुळीच ऐकू नका, खोट्या तारखेने सगळा कागदच संशयास्पद होतो. सहीची तारीख खरी घाला आणि एक वाक्य लिहा : ‘अमुक तारखेपासून या विषयावर झालेल्या बोलण्यात दिलेली माहितीही या कराराखाली येईल.’ आणि करार होईपर्यंत आजच त्या साहेबांना ईमेल पाठवा. सौम्य, तीन ओळींचा : ‘अमुक तारखेला फोनवर आपलं लेपाविषयी बोलणं झालं, आपण रस दाखवलात याचा आनंद वाटला. त्यात आम्ही सांगितलेली तांत्रिक माहिती आपल्यापुरती आणि फक्त या खरेदीच्या विचारापुरती राहावी, ही विनंती. सोबत दोन पानांचा गोपनीयता करार पाठवत आहोत. सही झाल्यावर नमुने लगेच पाठवू.’ मेगॅरींचा दुसरा प्रश्न आठवतो ना, गोपनीय आहे हे समजेल अशा परिस्थितीत दिली का? त्याचं उत्तर या ईमेलात आहे. पुढची माहिती तरी त्याच्या छायेत राहील.

मसुदा मराठीत आधी स्वतः लिहा, प्रत्येक वाक्य बहिणीला मोठ्याने वाचून दाखवा. तिला जे कळणार नाही ते पुन्हा लिहा. मग तुमच्या भागातल्या एखाद्या वकिलाला तासभर दाखवा. स्थानिक कायदा, मुद्रांक आणि सहीचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते त्यांनाच नेमके ठाऊक. ११ पानी नमुना तेव्हा सोबत न्या, काही राहिलं आहे का ते ताडायला. दोन मूळ प्रती करा, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा.

मलाही पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, मी वाचेन. फक्त घटकांची नावं किंवा प्रमाण त्यात चुकून आलं असेल, तर ते काढून मग पाठवा. मला ते कळण्याची गरज नाही.